बिनछपराची ट्रॉफी

ट्रॉफी हातात आली की माणूस आधी तिच्यावरचं आपलं नाव वाचतो आणि मग तळहातावर किंचित वरखाली करून वजन बघतो. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या एका बोळात आयुष्यभर ट्रॉफ्या विकल्या, त्यामुळे हे मी रोज बघत आले. नावाचं नंतर सांगते, आधी वजनाचं सांगते. कपाचा वरचा भाग पातळ पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा असतो आणि त्यावर सोनेरी मुलामा असतो. जड असते ती खालची बैठक. तिच्यात आम्ही दगडाचा तुकडा बसवतो. तो नसेल तर पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा कप आडवा होईल, आणि घेणाऱ्यालाही आपण काही मिळवलं असं वाटणार नाही.

दुकान मुळात बसण्णांचं. मी तिथे लागले ते अक्षर चांगलं म्हणून. आमच्या वस्तीत घरात मराठी आणि शाळेत कन्नड, त्यामुळे दोन्ही लिप्या हाताला बसलेल्या. तेव्हा पितळी पट्टीवर नाव कोरायचं यंत्र हाताने चालवावं लागे. एका टोकाला मोठ्या अक्षरांचे साचे लावायचे, त्यांच्यावरून टोचा फिरवायचा, आणि दुसऱ्या टोकाची सुई तेच अक्षर बारीक करून पट्टीवर कोरत जाई. हात जरा थरथरला की ‘पाटील’चा ‘पाटल’ व्हायचा, आणि सत्काराच्या दिवशी पाटील दुकानात येऊन उभे राहायचे. पुढे लेसरचं यंत्र आलं. बसण्णांची मुलं बेंगळूरला गेली ती गेलीच, मग बसण्णांनी दुकान माझ्या स्वाधीन केलं. आता माझी मुलगी रूपा गल्ल्यावर बसते. घरी माझं मन लागत नाही, म्हणून दुपारी मी जाते आणि तिच्या पायात येते.

गिऱ्हाइकं एकेक भारी असायची. एका संघाचे लोक दरवर्षी जुनेच कप घेऊन येत आणि नुसत्या पट्ट्या बदलून नेत. गेल्या वर्षी ज्यांचा गौरव होता ते घ्यायला आलेच नाहीत, मग कप वाया का घालवायचा, असा त्यांचा हिशेब. एक गृहस्थ स्वतःसाठीच पुरस्कार करून घ्यायला आले होते. देणाऱ्या संस्थेचं नाव त्यांच्याकडे नव्हतं, तुम्हीच एखादं जरा भारदस्त सुचवा म्हणाले. मी ‘अखिल’पासून सुरुवात केली तेव्हा त्यांचा चेहरा खुलला.

अशा दुकानात एक दिवस इनामदार सर आले. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, विद्यानगरात राहणारे. घरी कन्नड, पण माझ्याशी हौसेने मराठी बोलायचे. मोठा कप दाखवा म्हणाले. मी दाखवला. मग विचारलं, याच्या बुडाला भोक पाडून मिळेल का. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

सरांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. त्यांच्या घरापुढचा रस्ता पाइप टाकायला खणला होता आणि तसाच सोडून दिला होता. त्यांची बायको सकाळी दूध आणायला निघाली आणि त्या चरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. सर महापालिकेच्या ऑफिसात खेपा घालत राहिले. तिथला कारकून फार सभ्य, दर वेळी चहा पाजून परत पाठवायचा.

“रागावून बघितलं, विनवून बघितलं,” सर म्हणाले. “आता म्हटलं, सत्कार करून बघू.”

पत्रा पातळ असला की भोकाची कड फाटते. म्हणून कपात लाकडाचा ठोकळा घालून मी ते भोक पाडलं आणि कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. पट्टीवर कोरलं, ‘सर्वोत्कृष्ट खड्डा’, आणि खाली त्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांचं नाव, जसंच्या तसं, पदवीसकट.

सरांबरोबर त्यांचे दोनतीन मित्र होते. त्यांतले कट्टी वकील सरांच्या अगदी शेजारचे. मानपत्रं ते लिहायचे आणि त्यांची लेखणी अशी की ज्याच्यावर लिहिलंय त्यालाही हसू यावं. कार्यक्रम रंगपंचमीच्या आठवड्यात ठेवला, कारण त्या दिवसांत हुबळीत कोणी कशाचा राग धरत नाही. छोटासा हॉल. मंचावर एक रिकामी खुर्ची, तिच्यावर साहेबांच्या नावाची पाटी. वकिलांनी गंभीर चेहऱ्याने मानपत्र वाचलं. खुर्चीच्या पाठीवर शाल घातली, कप खुर्चीवर ठेवला, आणि सरांनी त्यात तांब्याभर पाणी ओतलं. पाणी खुर्चीवरून ठिबकत जमिनीवर आलं. लोक डोळे पुसत हसत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि आठवडा उलटायच्या आत रस्त्यातला चर बुजला. सरांच्या बायकोने वॉकर धरून खिडकीतून डांबर पडताना बघितलं. सर माझ्यासाठी पेढे घेऊन आले.

कन्नडमध्ये निराशे म्हणजे निराशा आणि प्रशस्ती म्हणजे पुरस्कार. या पुरस्काराला गावाने नाव दिलं ‘निराशे प्रशस्ती’. दरवर्षी तो होऊ लागला. मी पितळेची भरीव तोटी केली, जिच्यातून काही येणंच शक्य नव्हतं. बिनकाट्यांचं घड्याळ केलं. तीन पायांची खुर्ची केली, ती उभी राहावी म्हणून चौथ्या कोपऱ्याखाली आश्वासनांची कात्रणं दाबून बसवली. मला हे काम आवडायचं. तोवर मी गौरवाच्या जेवढ्या ट्रॉफ्या केल्या, त्या घेणाऱ्यांनी खरंच काही केलं होतं का, हे मला कधी कळलं नव्हतं. निराशे प्रशस्तीचा एकेक मानकरी मात्र ती कमावून आलेला असायचा.

एका दुपारी एक कंत्राटदार दुकानात आला. आदल्या वर्षी पुलाचं काम रखडवल्याबद्दल त्याला प्रशस्ती मिळाली होती. अंगात पांढरा शर्ट, बोलणं अगदी मऊ. क्रिकेटच्या सामन्यांसाठी कप हवेत म्हणाला, नीट निवडून घेतले, आगाऊ पैसेही दिले. जाताना वळून विचारलं, अक्का, तुमची मुलगी कुठल्या कॉलेजात जाते. मी सांगितलं नाही. मग त्यानेच मला सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

त्याच सुमाराला सरांना बदनामीच्या दोन नोटिसाही आल्या. कट्टी वकिलांनी सल्ला दिला की काही नावं थोडे दिवस बाजूला ठेवू. त्या सल्ल्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मी काही त्यांच्या बैठकीला नसायचे, पण नावं शेवटी माझ्याच यंत्राखाली यायची. वर्षागणिक ती उतरत चालली होती. आधी मोठे साहेब, मग छोटे साहेब, मग ज्यांच्याकडे वकील लावायची ऐपत नाही असे. हसणं तेवढंच होतं. हॉल उलट जास्तच भरायला लागला होता.

आणि मग एका वर्षी सर चिठ्ठी घेऊन आले. तिच्यावर मीनाक्षीचं नाव होतं.

मीनाक्षी आमच्याच वस्तीची. ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल लावायची. वॉर्ड राखीव झाला तेव्हा ती उभी राहिली आणि निवडून आली. आमच्यातून नगरसेविका झालेली पहिलीच. आमच्याकडची घरं एका खोलीची. पोरांनी अभ्यास करायचा कुठे, हा प्रश्न तिने स्वतः भोगलेला, म्हणून तिने अभ्यासिकेचा ध्यास घेतला होता. भीमजयंतीला उघडू, असं ती सगळ्यांना सांगत होती. एक भीमजयंती गेली, दुसरीही गेली. चार भिंती उभ्या राहिल्या आणि काम थांबलं. कंत्राटदार म्हणे पैसे आले नाहीत, ऑफिस म्हणे बिल आलं नाही.

सरांना छप्पर नसलेलं घर हवं होतं, ‘अर्धवट कार्यगौरव’ म्हणून. मी त्यांना म्हटलं, हा कंत्राटदार तोच आहे, माझ्या मुलीची चौकशी करून गेलेला. द्यायचं तर त्याला द्या.

सर काचेच्या कपाटाकडे वळले. त्याला दिला तर काय होईल, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, असं म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. मग जरा सावरून त्यांनी विचारलं, “पण काम झालंय का, सुमनक्का? तेवढं सांगा.”

झालं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी वाट वाकडी करून तिकडे गेले. आत गुडघाभर गवत वाढलं होतं. कोणीतरी खिडकीच्या गजांना शेळ्या बांधल्या होत्या. दारावर ‘अभ्यासिका’ ही अक्षरं मात्र रंगवून तयार होती. मी मीनाक्षीच्या बाजूने काय बोलावं ते शोधत गेले होते आणि काहीच न सापडता परत आले.

ऑर्डर नाकारली असती तर ती शेजारच्या बोळातल्या दुकानात गेली असती. म्हणून मी ती घेतली, आणि दुसऱ्या सकाळी आधी मीनाक्षीकडे गेले. ती मशीनवर बसली होती. मी सांगून टाकलं. तिने शिवण टोकापर्यंत नेली, दोरा दातांनी तोडला आणि मग कार्यक्रम कुठे आहे ते विचारलं. मी म्हटलं, तिथे कोणी जात नसतं, खुर्ची रिकामीच ठेवतात, तू जाऊ नकोस. त्यावर तिने नाव कन्नडमध्ये लिहिणार की मराठीत, एवढंच विचारलं. दोन्हीत, मी म्हणाले. मग नीट लिहा अक्का, माझ्या नावात लोक चुका करतात, म्हणाली.

मी ते घर जाड अॅक्रिलिकचं केलं. भिंतींना दुधी रंग, खिडक्यांना खरेखुरे बारीक गज. रूपा म्हणाली, आई, टोमणा मारायचाय ना, मग इतकं सुबक कशाला करतेस. पण वाईट करायला हात वळेना.

कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसले. मीनाक्षीचं नाव पुकारलं गेलं. नेहमीसारखी शाल खुर्चीवर घालायला सर पुढे झाले, तेवढ्यात ती बाजूच्या दारातून आत आली. एकटीच होती. पायऱ्या चढली, खुर्चीवरची पाटी उचलून मांडीवर घेतली आणि बसली. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. कट्टी वकिलांच्या हातात मानपत्र तसंच राहिलं.

“वाचा की सर,” मीनाक्षी म्हणाली. “मी ऐकायलाच आलेय.”

वकिलांनी वाचलं. सुरेखच लिहिलं होतं त्यांनी. आकाशाखाली अभ्यास करायची प्राचीन परंपरा यांनी परत आणली, असं काहीबाही होतं. एरवी हॉल दणाणला असता. त्या दिवशी पुढच्या रांगेतले दोघे हसले आणि गप्प झाले. समोर माणूस बसलं की ते वाक्य वेगळंच ऐकू येतं. सरांनी ट्रॉफी तिच्या हातात दिली. तिने नाव वाचलं, आधी कन्नड, मग मराठी. मान हलवली. आणि माइक मागितला.

ती कन्नडमध्ये बोलली, फार थोडं बोलली. माझी चूक आहे म्हणाली. पुढच्या महिन्यात होईल असं मला ऑफिसात सांगायचे, आणि मी तेच वस्तीत येऊन सांगायची. ऑफिसात बसा म्हणाले की बसायची, या म्हणाले की निघायची. मी भांडायला हवं होतं. मग तिने ट्रॉफीकडे बघितलं.

“काम सुरू झालं तेव्हा कोनशिलेवर सगळ्या मोठ्यांची नावं घातली,” ती म्हणाली. “माझं राहून गेलं. आता काम थांबलं तेव्हा फक्त माझंच नाव घातलंत. बरं केलंत. निदान स्पेलिंग बरोबर आहे.”

टाळी कोणी वाजवली नाही. ती नमस्कार करून उतरली आणि ट्रॉफी काखेत धरून निघून गेली. सरांच्या हातात पुढच्या मानकऱ्यांचा कागद होता. त्यांनी त्याची घडी घातली आणि आज एवढंच, असं सांगितलं. बाहेर उप्पीट-चहाजवळ कोणीतरी म्हणालं, या बाईने मजा घालवली. मी तिथे थांबले नाही.

पुढे काय झालं, तेही सांगायला हवं, कारण ते सरळ झालं नाही. मीनाक्षीने ती ट्रॉफी आपल्या टेबलावर ठेवली, येणाऱ्याच्या तोंडासमोर येईल अशी. इंजिनियर यायचे, कंत्राटदाराची माणसं यायची, त्यांचा चहा त्या ट्रॉफीसमोरच व्हायचा. ऑफिसात सह्या मागायला आता मीनाक्षी बसत नव्हती, उभीच राहायची. तिची मुदत संपायच्या आत अभ्यासिकेवर छप्पर आलं. स्लॅब नव्हे, पत्रे. पावसात त्या पत्र्यांवर असा आवाज होतो की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण पोरं बसतात. मी जाऊन बघून आले आहे.

निराशे प्रशस्ती मात्र त्या वर्षानंतर बंद झाली. सर सांगायला दुकानात आले. मी कारण विचारलं तर म्हणाले, “लिहायला बसलो की ती समोर बसलेली दिसते. हसू येत नाही.”

मला बरं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. त्या एका भोक पाडलेल्या कपाने बुजवलेला चर मी विसरले नव्हते. पांढऱ्या शर्टाच्या त्या माणसाला दुसरी प्रशस्ती कधी मिळालीच नाही. आता तर कोणालाच मिळणार नव्हती. मीनाक्षी बरोबर बोलली होती. सरांनी थांबणंही मला समजत होतं. तरी दुकानात पांढरा शर्ट दिसला की मी हातातलं काम ठेवून तो कोण ते बघायची. रूपाला मी दोनदा सुचवलं, आपणच काही सुरू करू. ती म्हणाली, आता फोनवर रोजच्या रोज कोणाला ना कोणाला असले पुरस्कार देत असतात, ट्रॉफी लागते कोणाला. तिने दाखवलेही. नाव चुकलेलं, फोटो भलत्याचाच, आणि खाली हसणारी शेकडो तोंडं. मी फोन परत दिला.

मग वॉर्डांच्या हद्दी बदलल्या. आमची वस्ती विद्यानगरच्या एका भागाला जोडली गेली आणि राखीव जागाही गेली. सगळ्यांनी गृहीत धरलं की मीनाक्षीचं संपलं. पण ती अर्ज भरून आली आणि मला म्हणाली, अक्का, सरांच्या गल्लीत मी एकटी जाणार नाही, तुम्ही चला. माझे गुडघे दुखतात, असं मी म्हणाले. ते खरंही आहे. ती चप्पल घालून दारात थांबून राहिली.

सरांच्या फाटकाशी आलो तेव्हा मी मीनाक्षीच्या मागे राहिले. सरांनीच दार उघडलं. फार वाळले होते. मागे त्यांच्या बायको वॉकरला धरून उभ्या. मीनाक्षीला बघून सर क्षणभर गोंधळले, मग या म्हणाले. आम्ही ओट्यावरच थांबलो.  मग सरांनी त्यांच्या जुन्या, वर्गात विचारावं तशा सुरात विचारलं, या खेपेला काय काय करणार म्हणून सांगत फिरताय.

“काहीच सांगत नाही, सर,” मीनाक्षी म्हणाली. “काय अडलंय ते दाखवा. माझ्याने होणार नाही ते इथंच सांगून जाते.”

सरांनी तिच्याकडे नीट बघितलं. आत जाऊन काठी घेऊन आले. “बर्री, तोरिस्तीनी,” म्हणाले, या, दाखवतो.

गल्लीच्या टोकाला गटार तुंबलं होतं. काळं पाणी रस्त्यावर पसरलं होतं आणि वास येत होता. सर काठीने दाखवत तावातावाने बोलायला लागले. ऑफिसला किती सांगितलं, कोण येऊन बघून गेलं, काहीच कसं झालं नाही. त्यांच्या आवाजात मला तो पहिल्या दिवशीचा माणूस परत ऐकू आला. मीनाक्षीने साडी वर खोचली आणि उकिडवी बसून गटाराच्या कडेने नजर टाकत गेली. मग तिने बोट दाखवलं. शेजारच्या बंगल्याचा नवा जिना कंपाउंडच्या बाहेर येऊन गटारावर बांधला होता. त्याच्या खालच्या पायरीने पाण्याची वाट बुजली होती.

“हे ऑफिसचं काम नव्हे, सर,” ती उठत म्हणाली. “हा जिना कोणाचा?”

जिना कट्टी वकिलांचा होता.   मीनाक्षीने हात झटकले आणि विचारलं, “त्यांना मी सांगू, का तुम्ही सांगता?”

वकिलांच्या घराचा दिवाणखान्याचा पडदा हलल्यासारखा झाला. सर त्या पायरीकडे बघत उभे होते. त्या घरात त्यांनी किती मानपत्रं ऐकली असतील, किती चहा घेतला असेल. मला वाटलं, आता ते म्हणतील, उद्या बघू. मीनाक्षी नुसती थांबली होती, तिला कसलीच घाई नव्हती.

मग सर काठी टेकत, पाणी चुकवत, त्या फाटकाशी गेले आणि त्यांनी बेल दाबली.